डोळ्याचा डॉक्टर म्हणजे नेमका कोणता?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उलवे हे नाव पनवेल तालुक्याबाहेर फारसे कोणाच्या कानी नव्हते. वहाळ, गव्हाण, शेलघर, मोरावे, तरघर, कोंबडभुजे अशी आगरी-कोळ्यांची गावे, खाडीच्या कडेने पसरलेली मिठागरे आणि खाजणातील भातशेती एवढाच त्या टापूचा ऐवज होता. पुढे सिडकोने सेक्टरांची आखणी केली, २०१८ साली खारकोपरपर्यंत लोकल आली, १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावाशेव्याकडे येणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली, नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचेही रीतसर उद्घाटन झाले. एका पिढीच्या अवधीत येथे तीन प्रकारची माणसे शेजारी शेजारी राहू लागली: आयुष्यभर मिठावरचे ऊन डोळ्यांवर झेललेले जुने रहिवासी, इमारतींच्या पायापासून गच्चीपर्यंत लोखंड कापणारे व जोडणारे मजूर, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत संगणकाच्या पडद्याकडे पाहणारे नोकरदार. या तिघांच्या डोळ्यांची दुखणी भिन्न आहेत. परंतु दुखू लागले म्हणजे तिघेही एकच वाक्य उच्चारतात, ‘डोळ्याच्या डॉक्टरकडे जायला हवे.’ तो डॉक्टर कोणता, याचा विचार मात्र फारच थोडे करतात, आणि कित्येकदा तो विचार करण्याची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो.

आरंभीच एक घोळ निस्तरला पाहिजे. चष्म्याच्या दुकानात काचा बसवून देणारा ऑप्टिशियन, चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम पुरा करून नंबर तपासणारा व दृष्टीतील दोष ओळखणारा ऑप्टोमेट्रिस्ट, शासकीय रुग्णालयात नेत्रतपासणी करणारा नेत्रचिकित्सा अधिकारी आणि डोळ्यावर शस्त्र चालविण्याचा अधिकार असलेला नेत्रशल्यविशारद, ही चार निरनिराळी माणसे आहेत. यांपैकी शेवटचा आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचे एम.बी.बी.एस. पुरे करून त्यावर नेत्रशास्त्रातील एम.एस., डी.एन.बी. किंवा पदविका मिळवितो. येथवर आलेला डॉक्टर मोतीबिंदू काढू शकतो, काचबिंदूचे निदान करू शकतो, पडदा पाहू शकतो. बहुसंख्य रुग्णांचे काम त्याच्याकडेच भागते. त्यापुढे ज्याला एखाद्याच भागात पारंगत व्हावयाचे असेल तो बहुधा वर्ष-दोन वर्षे एखाद्या मोठ्या संस्थेत फेलोशिप करतो, आणि मग त्याच्या पाटीवर ‘रेटिना’, ‘कॉर्निया’, ‘ग्लॉकोमा’ असे शब्द झळकू लागतात. कचेरीत गेलेल्या माणसाने सात-बाराचा अर्ज रेशनकार्डाच्या मेजावर दिला तर कारकून उद्धट नसतानाही काम होत नाही, तसाच काहीसा हा मामला आहे.

हे विभाग वाढविण्याचे कारण डॉक्टरांची हौस नव्हे. सुमारे चोवीस मिलिमीटर व्यासाच्या त्या गोळ्यात परस्परांशी अजिबात साम्य नसलेल्या वस्तू एकत्र नांदत असतात. पुढे रक्तवाहिन्यांविरहित, पारदर्शक असे पारपटल, त्यामागे रंगीत बुबुळ व बाहुली, त्यामागे भिंग, मग पोकळी भरून टाकणारा काचेसारखा निर्मळ गर, आणि तळाशी मेंदूचाच विस्तार म्हणावा असे दृष्टिपटल, ज्याला व्यवहारात आपण पडदा म्हणतो. पारपटलाला टाका घालणारे हात पडद्यावरची साय सोलू शकतीलच असे नाही. त्यासाठी लागणारी उपकरणे निराळी, सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची खोली निराळी, किंबहुना मनाचा धीरही निराळा.

पूर्वी असे नव्हते. सुश्रुताच्या काळापासून अठराव्या शतकापर्यंत डोळ्यावरची मोठी शस्त्रक्रिया म्हटली म्हणजे ती एकच: गढूळ झालेले भिंग शलाकेने ढकलून डोळ्याच्या आत मागे पाडावयाचे, म्हणजे प्रकाशाची वाट मोकळी होई. भिंग प्रत्यक्ष बाहेर काढण्याची रीत १७४७ साली झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदाने सुरू केली. मराठी वाचकाला या संदर्भात अभिमानाने आठवावे असे एक नाव तंजावरचे आहे. १७९८ ते १८३२ या काळात तेथील गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांना नेत्रवैद्यकाचे विलक्षण वेड होते; त्यांच्या पदरी देशी वैद्य होते तसे युरोपीय डॉक्टरही होते, आणि नेत्ररोग्यांच्या नोंदी व त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे त्यांनी दप्तरी ठेवविली. सरस्वती महाल ग्रंथालयात ते दस्तऐवज आजही जपलेले आहेत. रोग्याची कैफियत लिहून ठेवावी, उपचारापूर्वीची व नंतरची अवस्था नोंदवावी, ही आजच्या रुग्णालयातील शिस्त त्या मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी अंगीकारली होती, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांना अद्याप फारशी ठाऊक नाही.

मोतीबिंदूचा शल्यविशारद हा आज सर्वांत परिचित. त्याच्या कौशल्याची कथा मात्र एका युद्धातून सुरू होते. १९४० साली ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पर्स्पेक्स नामक प्लॅस्टिकच्या छतांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले; हॅरॉल्ड रिडले या लंडनच्या डॉक्टराच्या ध्यानात असे आले की काचेचा कण डोळ्याला सलतो, परंतु हे प्लॅस्टिक डोळा बिनतक्रार सामावून घेतो. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग करवून घेऊन त्याने २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट टॉमस रुग्णालयात ते एका रुग्णाच्या डोळ्यात बसविले. त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याची बरीच हेटाळणी केली, वर्षानुवर्षे केली. सरपदवी त्याला मिळाली ती २००० साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. दरम्यान १९६७ मध्ये चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टराने ध्वनिलहरींच्या कंपनाने भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची युक्ती काढली. आज ‘फेको’ म्हणून जी शस्त्रक्रिया होते ती हीच. अडीच मिलिमीटरांच्या आसपासच्या छेदातून एक पोकळ सुई आत जाते, तिचे टोक सेकंदाला हजारो वेळा कंप पावते, भिंगाचा कठीण गाभा फुटून द्रवाबरोबर बाहेर ओढला जातो, आणि मागे राहिलेल्या पातळ पिशवीत घडी घातलेले नवे भिंग सोडले की ते आपोआप उलगडते.

येथे एक गैरसमज नमूद करणे अगत्याचे आहे. ‘लेझरने मोतीबिंदू काढला’ असे घरोघरी म्हटले जाते. वस्तुतः फेकोमध्ये काम करतात त्या ध्वनिलहरी. लेझरचे साह्य काही ठिकाणी छेद घेण्यापुरते वा भिंगाचे तुकडे पाडण्यापुरते घेतले जाते, आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी मागची पिशवी धुरकट झाली तर तिला छिद्र पाडण्यासाठी खरोखरच लेझर वापरतात. जाहिरातीतील लेझर या शब्दाला भुलून जादा रक्कम मोजणाऱ्याने निदान ती कशासाठी मोजतो आहोत एवढी खातरजमा करावी. फार पिकलेल्या, तपकिरी झालेल्या मोतीबिंदूसाठी थोड्या मोठ्या छेदाची बिनटाक्याची पद्धत आजही उत्तम समजली जाते, आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील शिबिरांतून ज्यांना दृष्टी लाभली त्यांपैकी पुष्कळांना ती याच पद्धतीने लाभली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून ही शिबिरे आनंदवनापर्यंत नेणारे डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ साली पद्मश्री मिळाली, ती याच कामाबद्दल. एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकच शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांचे कौशल्य हेसुद्धा एक प्रकारचे विशेषज्ञत्वच होय.

पारपटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, विशेषज्ञ उलव्यासारख्या ठिकाणी फार उपयोगी पडावा असा आहे. भाताच्या पात्याने वा तुसाने डोळ्याला ओरखडा गेला तर त्यातून बुरशी शिरून व्रण होतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले की लाली तात्पुरती ओसरते आणि बुरशीला रान मोकळे होते. परिणामी डोळ्यात जे फूल पडते ते मग थेंबांनी जात नाही. ग्राइंडरवर सळई कापणाऱ्या कामगाराची गोष्ट निराळी. ठिणगीबरोबर उडालेला लोखंडाचा कण पारपटलावर चिकटतो. रात्री काही वाटत नाही, सकाळी डोळा उघडवत नाही. डॉक्टर त्याला स्लिट लॅम्पसमोर बसवितो, हनुवटी पट्टीवर टेकवून कपाळ पुढे रेटावयास सांगतो, बधिर करणारा एक थेंब टाकतो आणि प्रकाशाच्या उभ्या फटीत सुईच्या टोकाने तो कण उचलतो. कण निघाला तरी त्याच्या जागी गंजाचे तांबूस कडे उमटलेले दिसते. तेही हळूच खरवडावे लागते, आणि ते ठेवले तर जखम भरत नाही. हे काम सर्वसाधारण नेत्रवैद्य नित्य करतो. परंतु हातोड्याच्या घावाने उडालेला कण वेगळा. तो पारपटल भेदून थेट आत जाऊ शकतो, बाहेर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, आणि मग हा रुग्ण पडद्याच्या शल्यविशारदाचा होतो. अशा माणसाची चुकूनही एम.आर.आय. तपासणी करावयाची नसते, कारण चुंबकाच्या ओढीने आतले लोखंड हलते.

पारपटल कायमचे पांढरे झाले तर ते बदलता येते. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमूत्स गावी एडुआर्ड झिर्म या डॉक्टराने ते प्रथम यशस्वीपणे केले. रुग्ण होता चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर, आणि पारपटल मिळाले ते दुखापतीमुळे डोळा काढावा लागलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाचे. चुना आजही तितकाच घातकी आहे. बांधकामावरचा असो की तंबाखूच्या पुडीतला, तो डोळ्यात गेला तर डॉक्टर कोणता हा प्रश्न मागाहून. प्रथम हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने अर्धा तास डोळा धूत राहावे आणि मगच रिक्षात बसावे. आज संपूर्ण पारपटल न बदलता त्याचा केवळ खराब झालेला थर बदलणे शक्य झाले आहे, त्यामुळे एका दात्याच्या पारपटलाचे निरनिराळे थर प्रसंगी दोघांच्या उपयोगी पडतात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. चष्मा लागलेला, मोतीबिंदू काढलेला वा मधुमेही माणूसही नेत्रदान करू शकतो, आणि संपूर्ण डोळा बसवीत नाहीत, बसवितात ते केवळ पारपटल.

चष्मा घालविणारा लासिकचा डॉक्टर हा याच घराण्यातला. त्याच्या हातातील एक्सायमर लेझर सजीव ऊती न भाजता कापतो हे रंगास्वामी श्रीनिवासन या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ च्या नोव्हेंबरात ताडले. प्रयोगासाठी घेतले होते सणाच्या जेवणातून उरलेले टर्की पक्ष्याचे अवशेष. अठरा वर्षे पुरी न झालेल्याने, नंबर अजून बदलत असलेल्याने आणि पारपटल पातळ असलेल्याने या वाटेस जाऊ नये. प्रामाणिक डॉक्टर अशा अर्जदारांना परत पाठवितो. किती जणांना परत पाठविता, हा त्याला विचारण्याजोगा उत्तम प्रश्न आहे.

काचबिंदूवर थोडक्यात लिहितो, कारण हा रोगच असा आहे की त्याविषयी रुग्णाला सांगण्यासारखे काही जाणवत नाही. डोळ्यातील द्रवाचा दाब वाढून दृष्टीची नस झिजते, दृष्टीचा परीघ कडेकडेने आकसतो, आणि गेलेली दृष्टी कोणतीही शस्त्रक्रिया परत आणीत नाही. थेंब, लेझर अथवा द्रवाला नवी वाट काढून देणारी शस्त्रक्रिया, यांपैकी काय करावयाचे हे ठरविणारा विशेषज्ञ हा वस्तुतः आयुष्यभराचा सोबती. याच रोगाचा एक प्रकार मात्र एकाएकी उसळतो: असह्य डोकेदुखी, दिव्याभोवती रंगीत वलये आणि ओकाऱ्या, घरची मंडळी पित्त समजून सोडा पाजीत बसतात आणि डोळा रात्रीतून हातचा जातो. आईबापांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर मुलांनी तपासणी चुकवू नये.

पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, शल्यविशारद हा या सर्व परिवारात मला सर्वांत साहसी वाटतो. १९७० पूर्वी डोळ्याच्या पोकळीतील गराला हात लावणे म्हणजे डोळा गमावणे अशी समजूत होती. त्या वर्षी रॉबर्ट मॅकेमर याने मायामीत तो गर कापून शोषून घेणारे उपकरण यशस्वीपणे वापरले आणि पडद्याकडे जाण्याचा रस्ता खुला केला. आज अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची तीन उपकरणे डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत जातात, एक प्रकाश देते, एक द्रव पुरविते, तिसरे कापते. फाटलेला पडदा जागी बसविला की तो चिकटेपर्यंत आतून दाबून धरण्यासाठी वायूचा बुडबुडा किंवा सिलिकॉनचे तेल भरतात, आणि रुग्णाला कित्येक दिवस मान खाली घालून राहावयास सांगतात, कारण बुडबुडा वर तरंगतो आणि पाहिजे तेथे दाब पडावा म्हणून डोकेच त्या बेताने ठेवावे लागते. विमानतळाला लागून राहणाऱ्या उलवेकरांनी येथे एक गोष्ट पक्की ध्यानी धरावी. डोळ्यात वायू आहे तोवर विमानात बसावयाचे नाही. उंचीवर हवेचा दाब घटला की तो वायू फुगतो, डोळ्याचा दाब भयंकर वाढतो आणि वाचविलेली दृष्टी प्रवासातच जाऊ शकते. वायूच्या प्रकारानुसार हा निर्बंध दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत असतो, आणि महाबळेश्वरचा घाट चढण्यापूर्वीही डॉक्टरची परवानगी घ्यावी हे उत्तम.

पडदा सुटू लागला म्हणजे दुखत नाही. डोळ्यासमोर एकदम काळे ठिपके उडू लागतात, अंधारात वीज चमकल्यासारखे होते, मग एका कडेने सावली सरकत येते. सावली मध्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर दृष्टी बहुधा वाचते, नंतर झाली तर पडदा बसतो पण पूर्वीची नजर येतेच असे नाही. म्हणून हा मामला दिवसांचा असतो, आठवड्यांचा नव्हे. या बाबतीत उलव्याचे भाग्य पालटले आहे असेच म्हणावे लागेल. पनवेलात डॉ. सुहास हळदीपुरकर यांनी उभारलेले लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, शंकरा नेत्ररुग्णालय आहे. आणि सेतू ओलांडून शिवडीस उतरले की वडाळा जवळच, जेथे पडद्याच्या शस्त्रक्रियांसाठी विख्यात असलेल्या आणि २०१३ साली पद्मश्रीने सन्मानित झालेल्या डॉ. एस. नटराजन यांनी आदित्य ज्योत रुग्णालय स्थापन केले.

लहान मुलांच्या डोळ्यांचा विशेषज्ञ ही चैन नव्हे. तिरळेपणाला भाग्याचे लक्षण मानून सोडून देणारी कुटुंबे अजूनही आहेत. तिरळा डोळा मेंदू वापरेनासा होतो आणि सात-आठ वर्षांच्या वयानंतर त्याला पुन्हा कामास लावणे कठीण होते. त्याहून तातडीचे प्रकरण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावा असा आपल्या देशातील दंडक आहे. बाळाला काचपेटीतून घरी सोडताना ही तपासणी झाली का, हे आईबापांनी स्वतः विचारावे. डोळे बाहेरून अगदी निरोगी दिसतात.

पापण्या, अश्रूंची वाट आणि खोबणी यांचा शल्यविशारद निराळा. त्याला ऑक्युलोप्लास्टी सर्जन म्हणतात. ज्याला आपण लासरू म्हणतो त्यात अश्रूपिशवीची नाकाकडची वाट तुंबते आणि डोळा सदैव पाझरतो. हा डॉक्टर नाकात नवी वाट काढून देतो. कुष्ठरोगात चेहऱ्याची नस लुळी पडून पापणी मिटत नाही आणि पारपटल सुकते, म्हणजे पापणी दुरुस्त करणारा व पारपटल वाचविणारा असे दोघे एकाच रुग्णापाशी उभे राहतात. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिसची साथ महाराष्ट्रभर पसरली, तेव्हा जीव वाचविण्यासाठी डोळा काढण्याचा कठोर निर्णय याच लोकांना नाक-कान-घशाच्या तज्ज्ञांबरोबर घ्यावा लागला. डोळा उत्तम असूनही दिसत नाही, एकाएकी दोन-दोन दिसते, पापणी पडली, अशा तक्रारींत दोष पुष्कळदा डोळा व मेंदू यांना जोडणाऱ्या नसांत असतो. तेथे न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट लागतो, आणि असे तज्ज्ञ फार थोडे आहेत.

एवढी नामावळी वाचून कोणी थेट मोठ्या नावाच्या शोधात निघू नये. उलव्यातल्या उलव्यात, आपल्या सेक्टरात बसणारा एम.एस. झालेला नेत्रवैद्य हाच पहिला मुक्काम. बाहुली मोठी करून पडद्यापर्यंत पाहिल्यावर पुढे कोणाकडे धाडावयाचे ते तोच योग्य प्रकारे ठरवितो, आणि जो वेळेवर धाडतो तो चांगला डॉक्टर. ज्यांना खाजगी खर्च पेलत नाही त्यांच्यासाठी अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे, मुंबईत जे. जे. आहे. शस्त्रक्रिया ठरली तर ती प्रत्यक्ष कोण करणार, ही शस्त्रक्रिया ते नित्य करतात का, आणि काही बिघडले तर रात्री कोणाला गाठावयाचे, हे तीन प्रश्न संकोच न धरता विचारावेत. ज्याला मधुमेह असेल त्याने डोळ्यांना काहीही होत नसले तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. बाहुली मोठी करण्याच्या थेंबांनी चार-सहा तास जवळचे धूसर दिसते व उजेड खुपतो. तेव्हा त्या दिवशी सोबत कोणाला तरी न्यावे आणि स्वतः गाडी चालवू नये.